उखाण्याची दुसरी ओळ

पार्सिपनी, न्यू जर्सी
रविवार, १९ जानेवारी १९८६

प्रिय नीला,

तिळाच्या वड्यांचा डबा परवाच पोस्टात टाकलाय, तो या पत्राच्या आधी पोचेल. एका हाताने थापलेल्या वड्या आहेत, कुठे जाड तर कुठे पातळ झाल्यात, सांभाळून घे. अतुलच्या हातात डबा देऊ नकोस, नाहीतर वीणाला नुसता डबा बघायला मिळेल. माझा हात बरा आहे. डाव्या कोपरात बसवलेला खिळा थंडीत ठणकतो, पण उजवा शाबूत आहे म्हणून हे लिहिता येतंय. तू फोनवर दर वेळी विचारतेस, "आई, बाकी सगळं ठीक ना?" आणि मी दर वेळी ठीक म्हणते. आज जरा वेगळं उत्तर द्यायला बसले आहे. फोनवर ते जमणार नाही. फोन वाजला की तुझे सासरे वरच्या खोलीतला फोन उचलतात आणि मग आपण तिघं बोलतो, म्हणजे ते बोलतात आणि आपण दोघी ऐकतो. आज आपला डॉक्टर नरेंद्र त्यांना मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला घेऊन गेलाय. हात दुखतो असं सांगून मी घरी राहिले.

विषय वीणाचा आहे. फेब्रुवारीतल्या तिच्या सुट्टीत आजोबा तिला आइसलँडला नेणार असं ठरलंय. मी जायची होते, माझा हात मोडला, म्हणून माझ्या जागी ती. अतुलने लगेच होकार दिला, तूही दिलास, आणि आमची नात तर तुमच्या ट्रॉय गावभर सांगत सुटली असेल, "माय ग्रँडपा इज टेकिंग मी टू ईट रॉटन शार्क!" नीला, हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तिची बॅग भरू नकोस. एवढं आधी सांगून ठेवते, आणि मग माझ्या सवयीने पाल्हाळ लावते.

'सीझन' या शब्दाची ह्यांना पहिल्यापासून चीड. तू आमच्याकडचे जुने अल्बम पाहिलेस तेव्हा हसली होतीस ना, की अतुल प्रत्येक समुद्रकिनाऱ्यावर कानटोपी घालून का उभा आहे? कारण आम्ही जर्सीच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरात जायचो. नायगारा जानेवारीत पाहिला, अर्धा गोठलेला. हॉटेलं निम्म्या भावात, रस्ते मोकळे, आइस्क्रीमची दुकानं बंद, आणि अतुल भोकाड पसरलेला. हे म्हणायचे, "गर्दी गेली ना, की जागा खरी कशी आहे ते दिसतं." मी म्हणायचे, गर्दी गेली की संडाससुद्धा कुलूपबंद असतात. पण खरं सांगायचं तर मलाही ते आवडायला लागलं होतं. रिकाम्या गावात आम्ही दोघं हातात थर्मास घेऊन हिंडायचो. तसं एकत्र हिंडणं एरवी कुठे जमलं असतं?

आइसलँड त्यांच्या डोक्यात फार जुनं होतं. तेव्हा युरोपला सगळ्यात स्वस्त विमान तिथूनच जायचं, विद्यार्थी त्यानेच जायचे. एकदा भारतात जाताना आम्हीही त्याच रस्त्याने गेलो, तासभर थांबलो, आणि ह्यांनी काचेतून बाहेरचा काळा दगड आणि बर्फ पाहून जाहीर केलं की इथे एकदा हिवाळ्यात यायचं. उन्हाळ्यात काय, कोणीही येतं! रिटायर झाल्यावर त्यांनी ते मनावर घेतलं. पत्रकं मागवली, लायब्ररीतून पुस्तकं आणली, मला जेवताना व्याख्यानं दिली. तिथे जानेवारीच्या शेवटी त्यांचा एक जुना महिना लागतो, थोरी नावाचा. त्या महिन्यात गावोगाव जेवणावळी होतात, जुन्या काळी हिवाळा तगून काढायला जे खात तेच मुद्दाम खातात, गाणी म्हणतात. आणि डोंगरांच्या कुशीतली जी गावं आहेत, तिथे दोन-दोन महिने सूर्य डोंगराच्या वर येतच नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी सगळं गाव कॉफी आणि गोड धिरडी खातं. सूर्याची कॉफी म्हणतात तिला. "अगं, म्हणजे त्यांची रथसप्तमीच की!" असं हे म्हणाले, आणि मी विरघळले. तरी निघायच्या दिवशी मोज्यांवरून भांडलोच.

मागच्या वर्षी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही गेलो. पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सगळ्यांना ह्यांनी सांगितलं, स्लाइड्स दाखवून, आणि तुम्ही पोट धरून हसलात. आता माझ्याकडून ऐक.

गाव म्हणजे खाडीच्या काठावर दोन रस्ते. तिन्ही बाजूंना डोंगर इतके जवळ, की मान वर केल्याशिवाय आभाळ नाही. सकाळी दहाला पहाटेसारखा अंधार, तीनला पुन्हा दिवे. मला पहिल्या दिवसापासून तिथे धाकधूक वाटत होती, का ते सांगता येणार नाही. आमची घरमालकीण गुद्रून नावाची, सत्तरीची, उंच, तुरुतुरु चालणारी. तिथे आडनावाची भानगड नाही, लहानथोर सगळे एकमेकांना नुसत्या नावाने हाक मारतात. तिने पहिल्या तासातच आमची नावं विचारून पाठ केली आणि सारखी घ्यायला लागली. मला कानकोंडं व्हायचं. माझं नाव इतक्यांदा कोणी घेतलेलं शाळेनंतर मी ऐकलं नव्हतं.

जेवणावळीला मेंढीचं अख्खं डोकं ताटात डोळे उघडे ठेवून आलं. मी बटाटे आणि काळा पाव यांच्यावर भागवलं. सडवलेल्या शार्कचा वास आपल्याकडच्या एसटी स्टँडवरच्या मुतारीचा, पण ह्यांनी तुकडा तोंडात टाकला आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सूर्याची कॉफी. सकाळपासून गाव त्याच हॉलच्या खिडक्यांशी उभं. समोरच्या डोंगराच्या कडेला आधी नुसती सोनेरी रेघ आली, मग ऊन उतारावरून सावकाश आमच्याकडे उतरलं, खिडकीत आलं, आणि म्हाताऱ्या बायका चक्क रडल्या. रथसप्तमी दोन-तीन दिवसांवर होती. मी गुद्रूनला विचारून तिथल्या शेगडीवर छोट्या भांड्यात दूध ठेवलं आणि उतू जाऊ दिलं. आधी ती फडकं घेऊन धावली, मग मी सांगितल्यावर तिने सगळ्यांना हाक मारून ते दाखवलं. मला इतकं बरं वाटलं नीला, की धाकधूक विसरले.

मग त्यांचं गाणं-बजावणं सुरू झालं. त्या लोकांना यमक जुळवायचा भारी नाद, एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने उचलायची. ह्यांना राहवेना. उठून इंग्रजीत सांगितलं, की आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत, घ्यायचं तर कवितेत गुंफून घेतात. झालं, सगळे माझ्या मागे लागले. मी उखाणा घेतला:

बर्फाच्या देशात ऊन आलं डोंगर ओलांडून,
दिगंबररावांबरोबर मी आले घरून भांडून.

ह्यांनी भाषांतर करून सांगितल्यावर हशा पिकला. गुद्रून म्हणाली, आता नवऱ्याची पाळी. हे हसत उभे राहिले. कॉफीचा कप हातात, त्यात खिडकीतलं ऊन पडलेलं. तुला माहीत आहे, असल्या गोष्टी त्यांना सुचायला वेळ लागत नाही. म्हणाले:

कॉफीच्या कपात उतरला उन्हाचा कवडसा,

आणि थांबले. कप तसाच वर धरलेला. मी मान खाली घालून, लाजून बिजून, माझं नाव यायची वाट बघत होते. आलं नाही. मी वर पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि बाजारात एखादी ओळखीची बाई भेटावी, आणि हिला कुठे पाहिलंय बरं, असं व्हावं, तसं ते बघत होते. तेवढ्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना मराठी कुठे कळतंय? एक ओळ झाली, त्यांना वाटलं उखाणा झाला. हे झुकून नमस्कार करून खाली बसले. दुसरी ओळ आलीच नाही हे त्या भरल्या हॉलमध्ये मला एकटीला कळलं.

तेव्हा मला काय वाटलं असेल? मला वाटलं, लाजले. आपल्याकडचे पुरुष उखाण्याला टाळाटाळ करतातच. तुझ्या लग्नात अतुलने नाही का, "पास!" म्हणून घास तोंडात कोंबला? परतताना मी चिडवलंसुद्धा, दुसरी ओळ कुठे सांडली म्हणून. ते म्हणाले, "कुठली ओळ?" आणि मग जरा वेळाने, "अगं, पुरुषांना चालतं तेवढं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फोटो काढायला गेले आणि परत आले नाहीत. हीच ती गोष्ट, 'दोन रस्त्यांच्या गावात इंजिनियर हरवला'. स्लाइड दाखवताना तिथे तुम्ही सगळ्यात जास्त हसता. मी आणि गुद्रून बाहेर पडलो, तिने शेजारची दोन माणसं घेतली. वारा सुटलेला, भुरभुर बर्फ, आणि उजेडाचा पत्ता नाही. गुद्रून मला म्हणाली, नावाने हाक मार, आवाज ओळखीचा असला की माणूस वळतो. मी आयुष्यात पहिल्यांदा उखाण्याशिवाय त्यांचं नाव घेतलं, तेही बोंब मारून. धक्क्याच्या टोकाला, होडीचे दोर बांधायच्या खुंटावर ते पाण्याकडे तोंड करून बसले होते. मी पाच-सात हातांवर उभी राहून 'दिगंबर, दिगंबर' ओरडत होते आणि ते वळत नव्हते. शेवटी मी नेहमीसारखं म्हटलं, "अहो." लगेच वळले. शांतपणे म्हणाले, "जगन्नाथ आला की निघू." जगन्नाथ म्हणजे तुझे थोरले चुलत सासरे. आमच्या हॉलमध्ये ज्यांच्या फोटोला हार आहे, ते.

परत आल्यावर काही दिवस सगळं इतकं ठाकठीक होतं की मीच स्वतःला वेड्यात काढलं. पण गेल्या वर्षभरात मी कान देऊन ऐकायला शिकले. तूही जरा आठवून बघ. त्यांनी तुला शेवटचं नीला म्हणून कधी हाक मारली? फोनवर तू 'सूनबाई' असतेस. अतुल 'राजे'. वीणा 'ठमाबाई', ती तर खूश होते. नरेंद्र 'डॉक्टरसाहेब', मंडळातले सगळे 'अहो पाहुणे'. सगळ्यांना वाटतं, म्हातारपणी किती गोड झाले दिगंबरराव! एकेक नाव गळालंय आणि त्या जागी एकेक लाडाचा शब्द बसलाय. आणि माझं तर काय, मी 'अगं'च होते. अहो आणि अगं या दोन शब्दांवर आमचा एवढा संसार झाला. एखाद्या अमेरिकन बाईला पहिल्याच आठवड्यात कळलं असतं, कारण तिचा नवरा तिला उठता-बसता नावाने हाक मारतो. माझं नाव कधी गेलं, ते मला कळायला जागाच नव्हती.

आणि ते नाव त्यांनीच ठेवलेलं आहे गं. माहेरी मी कुसुम. लग्नात ताटात तांदूळ पसरले, तेव्हा माझ्या सासूबाईंना कुलदेवतेचं नाव हवं होतं. हे पहिल्यांदा आईच्या शब्दाबाहेर गेले, आणि स्वतःच्या मनातलं नाव अंगठीने तांदळात लिहिलं. अक्षरं इतकी नीट काढत होते की भटजी घाई करायला लागले.

नरेंद्रला मी आडून विचारलं. तो म्हणाला, "काकू, थोडं फरगेटफुल व्हायचंच या वयात. काकांचं जनरल नॉलेज बघा, मला लाजवतात!" त्याचं खोटं नाही. यंदाच्या प्रवासाची सगळी माहिती त्यांना तोंडपाठ आहे. या वर्षी पूर्वेकडच्या गावाला जायचं, तिथे सूर्य फेब्रुवारीच्या मध्याला येतो, रथसप्तमीही तेव्हाच, वीणाची सुट्टीही तेव्हाच, आणि गर्दी शून्य. हे सगळं अतुलला फोनवर धडाधड सांगतात. मग तो मला म्हणतो, "आई, बाबा इज शार्पर दॅन मी, यू वरी टू मच." फोन ठेवल्यावर हे मला विचारतात, कोणाचा फोन होता.

आता माझ्या हाताचं. मी तुम्हाला सांगितलं, टपाल आणायला गेले आणि घसरले. नाताळात तुम्ही आला होतात, तू आणि अतुल दुकानात गेला होतात, आणि हे वीणाला घेऊन तळ्याजवळच्या टेकडीवर बर्फातली घसरगाडी खेळायला गेले होते, तो दिवस. हे थोड्या वेळाने घरी आले. बूट काढले, कोट नीट हँगरला लावला, आणि म्हणाले, "अगं, चहा टाक." मी म्हटलं, वीणा कुठाय? ते म्हणाले, "कोण?" मी चपलांवरच धावत सुटले. ती टेकडीखाली घसरगाडीवर बसली होती, एकटी, ओठ निळे पडलेले, तळ्याचा बर्फ तिच्यापासून चार पावलांवर. "आजोबा सेड ही'ल बी राइट बॅक," म्हणाली. रडत नव्हती, आजोबांवर तिचा केवढा विश्वास! तिला घेऊन चढताना मी पडले. हे आपल्या दोघींचं गुपित असं मी तिला सांगितलं, म्हणून ती तुमच्याजवळ बोलली नाही. माझा हात मोडला म्हणून मला जाता येत नाही, आणि मला जाता येत नाही म्हणून तिला नेणार. ते आपलं गाव होतं, आणि दिवस होता. तिथे तर मी सकाळी दहाला अंधार पाहिलाय.

मी त्यांना अडवलं नाही असं नाही. या सोमवारी सरळ म्हटलं, की यंदा राहू दे, पोरीला न्यायचं नाही. ते माझ्यावर कधी ओरडत नाहीत, त्या दिवशी ओरडले. म्हणाले, "मला अडवणारी तू कोण?" हे रागाने म्हणाले, की खरंच विचारत होते, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

अतुलला हे मी सांगून पटायचं नाही. म्हणून तुला लिहिते आहे. तू एक कर. पत्र मिळेल त्या संध्याकाळी फोन लाव. अतुलला दुसऱ्या फोनवर गप्प बसून ऐकायला सांग. आणि ह्यांना म्हण, "बाबा, मला तुमचा उखाणा लिहून घ्यायचाय, आइसलँडचा." ते खूश होतील. पहिली ओळ खणखणीत म्हणतील, ती त्यांच्याकडे अजून आहे. मग तू थांब. आपल्याला अवघडलेली शांतता हसून भरून काढायची सवय असते, ते करू नकोस, सुचवू नकोस, आणि अतुललाही बोलू देऊ नकोस. त्यांनी नाव घेतलं, तर वीणाला खुशाल पाठव आणि सासूला वेड लागलंय असं जन्मभर सगळ्यांना सांगत बस. तसं झालं तर मी देवापुढे साखर ठेवेन. नाही घेतलं, तर त्यांना काही म्हणू नकोस. "वा बाबा" म्हण, फोन ठेव, पोरीला जवळ घे, आणि हे पत्र अतुलला वाचून दाखव. मी तेव्हा खाली स्वयंपाकघरात असेन. मी फोन उचलणार नाही, पण जिन्यावरून त्यांचा आवाज खाली येतो. एरवी तुला पत्र लिहिताना खाली नुसतं आई लिहिते. आज नाव घालते आहे, ते तांदळात लिहिलं होतं तेच आहे, म्हणजे तुला ताडून बघता येईल.

तुझीच आई,
सुमित्रा